दाढीवाली सीता

चौसष्ट सोन्याच्या पुतळ्यांची माळ घेऊन अहिल्या हर्डीकर लग्नानंतर दिल्लीला आली, त्याला तीस वर्षं झाली. माळ बँकेच्या लॉकरमध्ये असायची. दसऱ्याला घरी आली की अहिल्या ती रिठ्याच्या पाण्यात धुवायची. पुतळीवर राम-सीता आहेत, असं तिची राजापूरची आजी सांगायची.

यंदा तिच्या नवऱ्यानं, शांतारामनं, माळेवर भिंग धरलं. मंत्रालयातून निवृत्त झाल्यापासून त्याला जुन्या नाण्यांचा नाद लागला होता.

"अगं, ही सीता नव्हे. व्हेनिसचा राजा आहे, संतापुढे गुडघे टेकलेला."

"तरीच म्हटलं, सीतेला दाढी कुठून."

व्हेनिसची नाणी व्यापारातून कोकणात उतरली, सोनारांनी त्यांच्या नकला केल्या, त्याच पुतळ्या. पण माळेत एक जरी अस्सल निघाली, तरी त्या व्यापाराचा पुरावाच हाती. रविवारी नाणेसंग्राहकांच्या मंडळात त्याचं पहिलं भाषण होतं. सगळ्यांत चकचकीत पुतळी निवडून तो म्हणाला, "एवढी कापून दे."

"माळेला कात्री लागणार नाही. मीच घालून येते."

रविवारी मयूर विहारहून दोघं रिक्षानं गेली. भाषण झालं. मंडळाचे अध्यक्ष खुराना भिंग घेऊन ती चकचकीत पुतळी बघायला अहिल्येच्या गळ्याशी वाकले.

"भाईसाहब, लांबून," ती म्हणाली. खुराना वीतभर मागे सरले.

"हर्डीकरजी, ये तो नकल है. अक्षर ही नहीं, बस लकीरें हैं."

कुणीतरी खाकरलं. शांतारामनं भाषणाचे कागद दुमडून खिशात घातले. घरी परत जाऊन हा माणूस महिनाभर जेवणार नाही, हे अहिल्येला दिसलं. तिनं माळ फिरवून गळ्यामागची एक मळकट पुतळी पुढे आणली.

"ये पढ़िए."

खुरानांनी एकेक अक्षर जुळवलं. "एस... एम... वेनेती. यानी वेनिस." मग भिंग पुसून पुन्हा वाचलं. "असली है, जी."

"तुला माहीत होतं?" शांताराम कुजबुजला.

"तीस वर्षं धुतेय. बाकीच्यांवर नुसते ओरखडे, हिच्यावर अक्षरं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? आलात ते कात्री घेऊन."

खुरानांनी मंडळाची नोंदवही पुढे सरकवली. 'शोधकर्ता' या रकान्यावर शांतारामचं पेन थांबलं. त्यानं बायकोकडे पाहिलं. ती पदर सारखा करत छताचा पंखा बघत होती.

त्यानं 'अहिल्या हर्डीकर' असं लिहिलं. मग घाईघाईनं खाली, बारीक अक्षरांत, 'आणि पती'.