बिनगाड्यांची पहाट

आमच्या गावात पाक वार्सोनोला फोटोवाला कुणी म्हणत नाही. डोंगरवाला म्हणतात, आणि त्यात थोडी टिंगलही असते. कोबीच्या वाफ्यातून मान वर केली की ब्रोमो ज्वालामुखी सगळ्यांनाच धुमसताना दिसतो, मग हा एकटाच डोंगरवाला कसा? पण जन्मभर त्यानं डोंगराशिवाय दुसरं काही पाहिलं नाही, हेही खरं.

त्याचा बाप घोडेवाला होता. खालच्या वाळूच्या मैदानातून पाहुण्यांना घोड्यावर बसवून ज्वालामुखीच्या पायऱ्यांपर्यंत नेणं हा त्यांचा धंदा. वार्सोनोही तरुणपणी तेच करी. एकदा मलांग शहरातला एक फोटो-स्टुडिओवाला घोड्यावरून पडला आणि पाय सुजला म्हणून वार्सोनोच्या चुलीपाशी बरेच दिवस बसून राहिला. बसल्या बसल्या त्यानं याला कॅमेरा उघडायला, रोल भरायला शिकवलं, आणि जाताना तो जुना कॅमेराच ठेवून गेला. त्यानंतर घोडा भावाकडे गेला. वार्सोनो पहाटे कड्यावर उभा राहून पाहुण्यांचे फोटो काढू लागला. पुढे प्रत्येकाच्या हातात फोन आला आणि तो धंदा बसला. मुजियाती, त्याची बायको, तेव्हा म्हणाली होती की बरं झालं, लोकांची तोंडं गेली, आता तुमचा डोंगर तेवढा राहिला. ती हे टोचून म्हणाली होती. त्यानं ते मनावर घेतलं.

त्याची काम करायची पद्धत आम्हाला सगळ्यांना पाठ आहे, कारण तो चुलीपाशी बसला की तेच बोलतो. रुंद लेन्स त्याला आवडत नाही. तिच्यात डोंगर अंग चोरून बसलेल्या मांजराएवढा होतो, म्हणतो. लांबची लेन्स लावली की पुढचा बातोक डोंगर, त्यामागचा ब्रोमो आणि सगळ्यात मागचा सेमेरू एकमेकांना खेटून उभे राहतात, मध्ये धुक्याचे थर दिसतात. पण लांबची लेन्स वाऱ्याला फार भिते, म्हणून ट्रायपॉडच्या मधल्या आकड्याला तो वाळूची पिशवी टांगतो. बॅटऱ्या थंडीत मरतात, त्या अंगावर गुंडाळलेल्या सारोंगच्या आत पोटाशी बांधतो. काचेवर राख बसली तर रबरी फुग्यानं फुंकर मारायची, कापड लावायचं नाही, कारण आमची राख काचेला ओरखडे पाडते. आणि दव धरू नये म्हणून चुलीत भाजलेला गरम बटाटा फडक्यात गुंडाळून लेन्सच्या गळ्याशी बांधायचा. फोटो झाला की तो बटाटा खायचा. बाहेरून आलेले फोटोवालेही आता मुजियातीकडे बटाटे मागतात.

अंधारात लेन्स जुळवायची कशी, यालाही त्याचा एक उपाय होता. खाली वाळूत पाहुण्यांच्या जीप धावत असतात. त्यांच्या दिव्यांवर लेन्स धरायची, दिवा टाचणीच्या टोकाएवढा बारीक होईपर्यंत लेन्सचं कडं फिरवायचं, की डोंगरही आपोआप स्वच्छ येतो. त्याच जीपना तो दिवसभर शिव्या देई. धूळ उडवतात, चाकोऱ्यांनी वाळू विद्रूप करतात, मैदानातल्या आमच्या देवळाशेजारी रांग लावून उभ्या राहतात. त्यामुळेच त्याच्या कुठल्याही फोटोत वाळूतलं देऊळ नव्हतं. तो भाग तो खालून कापून टाकी.

त्याला एकच फोटो हवा होता. आमच्या कपितू महिन्याच्या शेवटच्या दिवशी वाळूत एकही गाडी उतरत नाही. जे व्रत पाळतात ते त्या दिवसरात्रीत चूल पेटवत नाहीत, दिवा लावत नाहीत, जेवत नाहीत. त्या पहाटे मैदानावर धूळ नसते. पण कपितू येतो पावसाळ्यात. दर वर्षी वार्सोनो वर जाई आणि ढगाच्या पोटात बसून परत येई.

आणि गेल्या वर्षापासून त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. त्याचे फोटो विकणाऱ्या शहरातल्या दुकानदारानं निरोप पाठवला होता की हल्ली तुमच्या पहाटा फार निळ्या येतात. वार्सोनोनं छपाईच्या मशीनला दोष दिला. खरं म्हणजे त्याला निळा रंगच कमी दिसत होता, म्हणून तो छापून घेताना वाढवत होता. मलांगच्या डॉक्टरकडे तो गुपचूप जाऊन आला. त्यांनी ऑपरेशन सांगितलं, नंतर काही दिवस धूर आणि धूळ टाळायला सांगितली. घरी कळलं तर मुजियाती कड्यावर जाऊ देणार नाही, आणि या कपितूला गेलो नाही तर पुढल्या कपितूपर्यंत डोळ्यांचं काय होईल कोण जाणे, एवढंच त्याच्या मनात होतं.

कपितू संपत आला तसा तो पाक दुकुनकडे, म्हणजे आमच्या पुजाऱ्याकडे गेला. वार्सोनो नवरा-बायको दोघंही व्रत पाळतात. कॅमेऱ्याच्या मागचा पडदा उजळतो, तर त्यानं व्रत मोडतं का, हे त्याला विचारायचं होतं. दुकुन त्याचा लांबचा भाऊ लागतो.

"तो पडदा जळतो का?" दुकुननं विचारलं.

"नाही. बॅटरीवर चालतो."

"मग उपास तुझा की त्याचा?" दुकुन हसला. "असं कर. डोंगराकडचा उजेड तुझ्याकडे आला तर येऊ दे. तुझ्याकडचा उजेड डोंगराकडे जाता कामा नये."

म्हणजे पडदा चालेल, पण हातात विजेरी नाही. वार्सोनोनं मान डोलावली. घरी आल्यावर त्याच्या लक्षात आलं की चूल नाही म्हणजे बटाटाही नाही.

शेवटच्या पहाटे तो निघाला तेव्हा मुजियाती सारोंग खांद्यावरून गुंडाळून दारात उभी होती. कुठे निघालीस, विचारलं तर म्हणाली, देवाचा दिवस आहे, मीही वरून नमस्कार करीन. रोज नमस्कार अंगणातून होतो, असं तो म्हणाला. त्यावर तिनं ट्रायपॉड उचलला. वाट त्याच्या पायाखालची होती, तरी मोठ्या वळणावर तो दोनदा कडेच्या गवतात गेला. दोन्ही वेळा तिनं नुसता त्याचा कोपर धरला.

वर आले तर आभाळ मोकळं. पाऊस आदल्या संध्याकाळीच पडून गेला होता. त्यानं ट्रायपॉड लावला, वाळूची पिशवी टांगली, लेन्स बसवली आणि पाहतो तर काचेवर दव. त्यानं काही सांगण्याआधीच मुजियातीनं लेन्स मागून घेतली आणि सारोंगच्या आत काखेत धरून बसली. लहान मुलाला धरावं तशी. लेन्स कोमट झाल्यावर त्यानं ती परत बसवली, लेन्सच्या कड्याला हात घातला आणि तिथेच थांबला.

खाली सगळा अंधार. एकही दिवा नाही. इतकी वर्षं ज्या गाड्यांना शिव्या दिल्या, त्यांच्या दिव्यांवाचून आता त्याला लेन्स जुळवता येईना. पडद्यावर तारा मोठा करून पाहिला, तर त्याच्या डोळ्याला तिथे दुधाचा डाग दिसला. तो कडं इकडे फिरवी, तिकडे फिरवी.

"काय झालं, पाकने?" मुजियातीनं विचारलं. आमच्यात बायको नवऱ्याला पाकने म्हणते आणि नवरा बायकोला बुने.

"वारा आहे."

"वारा नाहीये."

त्यानं कडं पुन्हा फिरवलं. पूर्वेला राखाडी रेघ उमटायला लागली होती.

"बुने, मला दिसत नाही," तो शेवटी म्हणाला.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"करोच्या सणात तुम्ही पलीकडच्या सुकार्नीला माझ्या नावानं हाक मारलीत आणि कॉफी मागितलीत. म्हटलं, एकतर डोळा गेलाय, नाहीतर अक्कल. डोळा असला तर बरं, त्यावर औषध तरी आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी सांगता ते बघत होते." आणि ती पुढे सरकली. "काय करायचं ते बोला. उजेड काही आपल्यासाठी थांबणार नाही."

त्यानं शिकवलं. पडद्यावर सेमेरूची कड मोठी करून दाखवली. कडं हळू फिरव, म्हणाला, कड आधी मऊ दिसेल, मग सुरीनं कापल्यासारखी होईल, मग पुन्हा मऊ होईल. मऊ झाली की तेवढंच मागे ये. ती जुन्या रेडिओवर स्टेशन लावावं तसं कडं फिरवत राहिली. पुढे गेली, मागे आली.

"आता कापली," ती म्हणाली.

"नक्की?"

"कोबी कापते मी रोज. मला कळतं."

आभाळ उजळ आणि मैदान काळोखात, म्हणून वरच्या भागाचा उजेड दबवणारी काच त्यानं लेन्सपुढे बोटांनी चाचपून बसवली. चौकट त्यानं सवयीनं आधीच लावली होती, पण नीट बसली का ते बघ म्हणाला. मुजियाती बराच वेळ पाहत होती. ट्रायपॉडचा दांडा किंचित हलल्याचा आवाज त्यानं ऐकला, पण तिचा हात लागला असेल असं त्याला वाटलं. मग कॅमेऱ्याला जोडलेल्या तारेचं बटण त्यानं स्वतः दाबलं. एक अंधाराचा, एक मधला, एक उजेडाचा, असे तीन फोटो घेतले. काय दिसतंय, असं तो विचारत राहिला आणि ती सांगत राहिली: वाळूवर धुकं साचलंय, तलावासारखं. बातोकच्या घड्या वर आल्यात. कुठे चाकोरी नाही. पावसानं सगळी पुसली. सेमेरूनं आत्ताच धूर सोडला.

सूर्य वर आला तेव्हा ती हात जोडून उभी होती. त्यानंही जोडले.

त्यानंतर तिनं त्याला मलांगला नेलं. वादावादी करायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. आधी एक डोळा झाला, मग दुसरा. तेवढे दिवस त्यांच्या घरची चूल मागच्या पडवीत पेटायची आणि वार्सोनो थंडीत एकटा पुढच्या खोलीत कुरकुरत बसायचा. आमच्यात माणसाला चुलीपासून तोडणं म्हणजे शिक्षाच. आम्ही बायका आळीपाळीनं जाऊन त्याच्याशी गप्पा मारायचो.

नंतर त्यानं त्या तीन फोटोंतला एक छापून आणला तेव्हा मीही तिथे होते. त्यानं तो दारातल्या उजेडात धरला. निळा रंग आता त्याला खरा दिसत होता, बापरे, एवढा निळा असतो का, असं पुटपुटला. कड सुरीनं कापल्यासारखी होती. मैदान कोरं होतं. मग त्याच्या कपाळाला आठी पडली.

"बुने, सेमेरूच्या धुराचं टोक कुठंय?"

"वर राहिलं," मुजियाती आतून म्हणाली.

"राहिलं कसं? मी चौकट लावली होती."

"तुम्ही लावली होती त्यात देऊळ नव्हतं. मी थोडी खाली केली."

खाली, बातोकच्या पायाशी, धुक्यातून देवळाचे दगडी खांब आणि दार वर आले होते. शेजारी एकही गाडी नव्हती.

"धूर कापणाऱ्याला मी कड्यावरून हाकलून दिलं असतं," वार्सोनो म्हणाला.

"धूर रोज येतो, पाकने. असं देऊळ रोज येतं का? आणि उपासाच्या दिवशी देवाला कापून घरी यायचं? मला नाही जमणार."

त्यानं फोटो पुन्हा उजेडात धरला, एकदा लांबून, एकदा जवळून. मला वाटलं, आता म्हणेल की पुढल्या कपितूला परत काढीन, धुरासकट. तसं तो म्हणाला नाही. हातोडी आणि खिळा मागितला, आणि भिंतीपाशी उभा राहून कुठे लावू म्हणून तिलाच विचारू लागला.