टायपिस्टला न पटलेला शब्द

मुलांनो, आमच्या बँकेखाली एक टायपिस्ट बसतात. शब्दाशब्दावर हुज्जत घातल्याशिवाय त्यांचं बोट मशीनवर पडत नाही. बँक पहिल्या मजल्यावर, माझे गुडघे निकामी, आणि हयातीचा दाखला दिला नाही तर पेन्शन बंद. म्हणून बँकेच्या साहेबांनीच खाली येऊन माझी सही घ्यावी, असा अर्ज टाइप करून घ्यायचा होता. मी सांगितलं, "अर्जात मला 'इन्फर्म' लिहा."

"म्हंजे काय, बाई?"

मी समजावलं. मूळ अर्थ, बळकट नसलेला. पुढे इंग्रज दुबळ्या म्हाताऱ्यांच्या आश्रमांच्या पाट्यांवर हा शब्द लिहू लागले.

"तुम्ही ऑटोनं एकट्या आल्या, अर्ध्या तासापासून माह्याशी भांडून राहिल्या. मग खोटं काहून टाइप करू?"

"अहो, अर्ज तुमचा की माझा?"

शेवटी त्यांनी इंग्रजीत लिहिलं, 'बाईंना जिना चढता येत नाही. बाकी तब्येत उत्तम आहे.' माझा संताप झाला. एवढ्याशा कारणासाठी वरून कोण उतरणार?

ते मशीन तसंच सोडून अर्ज घेऊन वर गेले आणि साहेबांना कागदांसकट खाली घेऊन आले. साहेबांनी माझ्यासाठी खुर्ची मागवली.

मी उभ्यानेच सही केली.