पाऊस शून्य, बर्फ शून्य

हेमचंद्र दातारांशी भांडण न झालेला मराठी माणूस बहारीनमध्ये शोधायचा, तर विमानतळावर नुकत्याच उतरलेल्यांत बघावं लागेल. हा ड्रेनेज इंजिनिअर अकरा वर्षं वाळवंटातला पाऊस मोजतो आहे. आठ ओळखीच्यांच्या गच्चीवर त्यांनी पर्जन्यमापक बसवले. रोज सकाळी सातला प्रत्येकाने ग्रुपवर आकडा टाकायचा आणि महिनाअखेर साहेब निळ्या छटांचा नकाशा काढणार. वर्षातले सात-आठ महिने त्यात निळं काहीच नसतं. तरी ते काढतात, खाली सही करतात आणि मराठी मंडळाच्या हॉलमध्ये लावतात.

त्यांच्या तक्त्यात बर्फाचाही रकाना आहे, आणि तो मोकळा ठेवलेला त्यांना खपत नाही. "शून्य म्हणजे पाहिलं आणि नव्हतं. मोकळं म्हणजे पाहिलंच नाही!"

आठांपैकी एक, बुसैतीन भागातले नझीर परकार, मूळ दाभोळचे, त्यांना हे पटेना. "काय ओ साहेब, पडला की सांगतो ना. नाय पडला त्याची पण वर्दी द्यायची?"

साहेबांनी ग्रुपवरच त्यांना आळशी ठरवलं आणि नकाशात बुसैतीनवर काळ्या उभ्या रेघा मारल्या. अर्थ : मोजलं नाही. नझीरभाईंची बायको हुस्ना मंडळात ते बघून म्हणाली, "सगळ्यांना निळा रंग, आपल्यालाच तुरुंगाचे गज?" तेव्हापासून साहेब आणि नझीरभाई यांच्यात सलामही बंद.

अशात सखीरच्या विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाने अकरा वर्षांचे नकाशे मागवले. साहेबांना आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. आणि पाठवायच्या आठवड्यातच, फेब्रुवारीत, धो धो पाऊस झाला. हूराचा, म्हणजे साहेबांच्या घरचा आकडा सहा मिलिमीटर. नझीरभाईंनी टाकला एक्केचाळीस.

"खोटं," साहेबांनी सगळ्यांसमोर लिहिलं. "पाच किलोमीटरवर एवढा फरक? मापकात बादली ओतली असेल."

"तुमच्या गल्लीत गाड्या तरंगत होत्या, ते काय थुंकीवर?"

"ते ड्रेनेज. मला शिकवू नका. बुसैतीनवर रेघाच राहतील."

शुक्रवारी नझीरभाई थेट हूरात हजर. हातात आपल्या मापकातलं पाणी भरलेली सीलबंद बाटली. "चला गच्चीवर. तुमचा मापक बघू."

इथे साहेब अडखळले. गुडघा दुखायला लागल्यापासून चार महिने त्यांनी गच्ची पाहिली नव्हती. रोज त्यांची बायको सुनंदाबाई वर जाऊन आकडा सांगत, साहेब सोफ्यावरून टाकत. पण शत्रूपुढे माघार कशी घेणार? चार मजले कण्हत चढले.

वर, भर उन्हात, स्वच्छ धोतरावर साबुदाण्याच्या पापड्या वाळत होत्या. पर्जन्यमापक पाण्याच्या टाकीखाली, सावलीत, ऐटीत बसला होता.

"हा इथे कुणी ठेवला?" साहेबांचा आवाज चिरकला.

"मी. नोव्हेंबरात," सुनंदाबाई शांतपणे म्हणाल्या. "ऊन तेवढ्याच जागेत येतं. आणि रोज शून्यच तर असतं त्यात!"

टाकीखाली उडालेले शिंतोडे, तेच हूराचे सहा मिलिमीटर. नझीरभाईंनी एक पापडी उचलली, मोडली, तोंडात टाकली. "चांगली आहे, भाभी. एकदम कोरडी." मग साहेबांकडे वळून, "आता गज कुणाला?"

साहेब जिन्याकडे वळले. खाली येऊन त्यांनी बुसैतीनपुढे एक्केचाळीस लिहिलं. मग नोव्हेंबर ते फेब्रुवारी, चारही नकाशांत, पट्टी घेऊन, हूरावर काळ्या रेघा मारल्या. त्या सरळ येईपर्यंत दोन कागद फाडले. नकाशे तसेच सखीरला गेले. माफी कुणी मागितली नाही, कुणी मागायलाही लावली नाही.

मात्र दुसऱ्या दिवसापासून बरोबर सहा एकोणसाठला ग्रुपवर नझीरभाईंचा संदेश येतो : "बुसैतीन. पाऊस शून्य, बर्फ शून्य. हूरा, वर गेलात काय?"

आणि हेमचंद्र दातार, कठडा धरून शिव्या देत, चार मजले चढायला लागतात.