मानेवरचे चार ठिपके

माझी थोरली जाऊ सगुणाबाई हट्टी होती. हे आधीच सांगते, कारण तिचं कौतुक करायचं म्हणजे तिच्या हट्टाचंच करावं लागतं, आणि त्या हट्टानं घरात आम्हाला काही कमी छळलेलं नाही. भाजीत मीठ किती, रोपाची मूठ केवढी, सगळं तिच्या मनासारखं. आमच्या गावी, उरवड्यात, भाताच्या लावणीला बाया ओळीनं उभ्या राहिल्या की पहिली ती, आणि तिच्या हाताला हात देताना बाकीच्यांची कंबरडी मोडायची.

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात तिच्या मानेवर डावीकडे सुपारीएवढी गाठ आली. दुखत नव्हती. भारे वाहून शीर आखडली असेल म्हणून शेजारच्या तुळजाबाईनं तेल चोळून दिलं. गाठ लिंबाएवढी झाली, संध्याकाळचा ताप यायला लागला, सकाळी अंथरूण घामानं भिजलेलं असायचं. मग कुणी गंडमाळ म्हणालं, पाला बांधून झाला. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून तपासला आणि गाठींचा कॅन्सर आहे असं सांगितलं. थोरले दीर भिवाजीराव तिथल्या बाकावर मटकन बसले. आक्कानं, म्हणजे सगुणाबाईनं, डॉक्टरांना एवढंच विचारलं, "मंग आता मरायचं का काय करायचं, ते सांगा."

"मुंबईला जायचं," डॉक्टर म्हणाले.

परळला माझा भाऊ गिरणीत होता. त्याच्या खोलीत आम्ही दोघी जावा राहिलो. इस्पितळात रोज तिला यंत्राखाली निजवून गाठीवर किरणांचा शेक द्यायचे. शेक नेमका कुठं द्यायचा ते कळावं म्हणून डॉक्टरांनी मानेवर जांभळ्या शाईनं चौकोन आखला होता. मानेला पाणी लावायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. आणि काय सांगू, पंधरवड्यात गाठ विरघळून गेली! मी तर भर रस्त्यात रडले.

तेवढ्यात दीर न्यायला आले. पाऊस लागला होता, रोपं लावणीला आली होती.

"गाठ गेली न्हवं? मंग चल. लावणी काय थांबतीया?"

त्यांचंही चुकत नव्हतं. रोप म्हातारं झालं की वर्षाचं भात हातचं जातं. आणि खरं सांगायचं तर मलाही घरची ओढ लागली होती.

डॉक्टर मात्र म्हणाले, "गाठ हाताला लागत नाही, पण आजार आत आहे. आत्ता शेक सोडला तर तो परत येईल, आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही. अजून तीन आठवडे लागतील."

आक्का माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "रंभाला न्या. माजी वळ ती लावंल. म्या शेक पुरा करून येते."

"एकटी ऱ्हाशील हितं?"

"मरताना एकटीच जानार व्हते न्हवं? मंग जगाया ऱ्हाते की."

मी धुसफुसले. तिची ओळ लावणं म्हणजे काय खायचं काम आहे? पण गेले.

पुढचं मला माझ्या वहिनीनं सांगितलं. भाऊ पाळीवर, वहिनी पोरांत अडकलेली, म्हणून आक्का एकटीच पायी इस्पितळात जायची. घशाची आग व्हायची, पेजसुद्धा गिळवत नव्हती, मानेची कातडी काळी पडली होती. एकदा वाटेत पावसानं गाठलं आणि शाई पार वाहून गेली. डॉक्टर चिडले. गाठच उरली नव्हती, आता चौकोन कशाच्या अंदाजानं काढायचा? मोजमापं घेऊन त्यांनी कसाबसा पुन्हा आखला. त्याच दुपारी आक्का पुलाखाली बसणाऱ्या गोंदणारणीकडे गेली आणि चौकोनाच्या चारी कोपऱ्यांवर ठिपके गोंदवून आली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. "अहो बाई, असल्या नाजूक कातडीत सुया टोचून घेतल्या? पिकलं म्हणजे?"

"पिकलं तर तुमी हाय की. पर रेघ गेली तर मला कोन हाय?"

डॉक्टर ओरडून ओरडून थकले. मग त्यांनी मोजपट्टी लावली आणि ठिपक्याला ठिपका जोडत रेघा ओढल्या. शेक पुरा झाला. श्रावणात आक्का घरी आली तेव्हा निम्मी झाली होती. बांधावर उभी राहून तिनं खाचर बघितलं आणि माझी ओळ वाकडी गेली म्हणाली.

पुढे दर वर्षी लावणीच्या तोंडावर ती तपासणीला जायची. पाचव्या वर्षी मी बरोबर होते. डॉक्टरांनी मान चाचपली, फोटो बघितला आणि आता काळजी नाही म्हणाले. आम्ही हसत बाहेर आलो, तर बाकावर एक बाई बोचकं बांधून बसली होती. मानेवर जांभळा चौकोन. बायजा तिचं नाव, नगरकडची, मेंढरं राखणारी. नवरा तिला धर्मशाळेत सोडून मेंढरांमागं परत गेला होता.

"माजी गाठ गेली," ती म्हणाली. "आता जाते घरला."

आक्का तिच्या शेजारी बसली. पाच वर्षांत तिनं डॉक्टरांखेरीज कुणालाही मानेला हात लावू दिला नव्हता, नवऱ्यालाही नाही. तिनं पदर बाजूला केला आणि बायजाचा हात धरून आपल्या मानेवर ठेवला.

"चाचप. माजीबी अशीच गेलीवती. तवा म्या घरला गेले असते, तर आज तुला चाचपाया ही मान घावली नसती."

बायजा बराच वेळ चाचपत राहिली. मग तिनं पायानं बोचकं बाकाखाली सरकवलं, आणि तिला रडू फुटलं. मुंबईत तिचं कुणीच नव्हतं.

आक्का माझ्याकडे वळली. "रंभे, तू हो म्होरं. हिचा शेक पुरा हुईस्तवर म्या हितंच ऱ्हाते."

लावणी चार दिवसांवर आली होती. मला राग यायला हवा होता, पण तिथंच वाकून तिचे पाय धरावेसे वाटले. मी एकटीच गाडीत बसले, आणि त्या वर्षीही तिची ओळ मीच लावली.