रामकिसनचा आवाज

हे मी घरात-गावात कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आत्ता पहिल्यांदाच सांगतोय.

मला माणसांचे चेहरे ओळखू येत नाहीत. नजर चांगली आहे — नाक दिसतं, डोळे दिसतात, पण ते कुणाचे, हे कळत नाही. लिंबागणेशला दर्शनाच्या गर्दीत मी आपला मुलगा समजून दुसऱ्याच्याच पोराचा हात धरून चाललो होतो. फार उशिरा बीडच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, की मेंदूचा एक भाग चेहरे शिकतो. तान्हं मूल आईचं तोंड तसंच शिकतं. माझा तो भाग शिकलाच नाही. वस्तूंचं तसं नाही. आमच्या दूध संस्थेत कुणाची किटली कुठे चेपलीय, हे मला पाठ होतं. माणसं मात्र आवाजावरून धरायची, चालीवरून, कपड्यांवरून. आणि ओळखल्याचं सोंग करायचं. लोक वेडा म्हणतील — ही भीती लहानपणापासूनची.

दुष्काळात संस्थेने तलवाड्याजवळ जनावरांची छावणी काढली. चारा वाटायचं काम माझ्याकडे होतं. एका भर दुपारी कडब्याच्या गंजीमागून एक माणूस पळत आला आणि मला धडकला. "सरक बे," म्हणाला. त्याचं तोंड माझ्यापासून हातभर लांब होतं. पाठोपाठ धूर. गंजी गेली, आणि दावणीला बांधलेली एक गाय सोडवता आली नाही.

संध्याकाळी चेअरमननी माणसं ओळीत उभी केली. म्हणाले, तू तोंड पाहिलंयस, आता दाखव. सगळी छावणी माझ्याकडे बघत होती. काय सांगणार होतो मी — पाहिलं, पण कळलं नाही? कुणाला पटलं असतं? पळणाऱ्याच्या गळ्यात हिरवा रुमाल होता. ओळीतही एकाच्या गळ्यात हिरवा रुमाल होता. मी बोट केलं.

"भाऊ, मी कावून पेटवीन? माझे बैल हाईत की हितं."

रामकिसनचा आवाज. याच्याबरोबर मी रोज भाकरी खायचो. आणि दुपारचा आवाज हा नव्हता. मला त्याच क्षणी कळलं.

मग माझ्या खांद्यावर मागून हात पडला. "बराबर वळखलंस," कुणीतरी म्हणालं. छावणीत नवा होता; चेअरमनचा पुतण्या, हे मला मागाहून कळलं. "सरक बे" म्हणणारा आवाज तो — तोच.

तेव्हाही बोलता आलं असतं. रामकिसनला मारत होते, तेव्हाही. त्याचे बैल छावणीबाहेर काढले, तेव्हाही. मी बोललो का? नाही.

गेवराईच्या रस्त्यावर त्याचा एक बैल बसला तो उठलाच नाही, असं ऐकलं. रामकिसन गाव सोडून गेला.

बऱ्याच वर्षांनी बीडच्या स्टँडवर एक म्हातारा समोर येऊन उभा राहिला. चेहऱ्यावरून काहीच कळेना.

"भाऊ, वळखलं का?"

आवाजावरून सगळं कळलं. जन्मभर न ओळखता मी हो म्हणत आलो. त्या दिवशी ओळखलं, आणि म्हणालो, "न्हाई."

त्याने पिशवी उचलली. "असू द्या," म्हणाला, आणि गाडीकडे निघाला. मी त्याच्यामागे गेलो नाही.