मोतीरामचा भोंगा

देडतलाईच्या बाजारात मोतीरामच्या रिक्षावरचा भोंगा सगळ्यांच्या ओळखीचा. साड्यांचा सेल असो की कीर्तन, आवाज त्याचाच. निवडणुकीत सकाळी एका पक्षाचा प्रचार, दुपारी दुसऱ्याचा. झेंडा बदलायचा, घसा तोच. म्हणून एका बाजूचे त्याला भक्त म्हणायचे, दुसऱ्या बाजूचे चमचा. तो हसण्यावारी न्यायचा. या वेळी मात्र केळीवाल्या सुनीलने भर चौकात सुनावलं, "मोतीरामभाऊ, तुमच्यासारख्या चमच्याच्या आवाजावर आता कोण भरोसा करंल?" ते त्याच्या जिव्हारी लागलं. पोट तर त्या आवाजावरच चालत होतं.

मतदानानंतरच्या पहिल्याच बाजारात भाजीवाल्या योगिताची लहानगी पोर हरवली. मोतीरामने माईक हातात घेतला खरा, पण सुनीलचे शब्द आठवले. कुणी ऐकलंच नाही तर?

"लाल फ्रॉकवाली पोरगी हरवली आहे," तो कसाबसा बोलला.

आणि अख्खा बाजार थांबला. लोकांनी हातातले तराजू खाली ठेवले. भक्त म्हणणारे, चमचा म्हणणारे, सगळेच पालांमागे, गाड्यांखाली वाकून पोरीला शोधू लागले.

थोड्या वेळाने सुनीलच तिला खांद्यावर बसवून घेऊन आला. "बस झालं भाऊ, सापडली."

मोतीरामने असा सुस्कारा सोडला की भोंग्यातून तो साऱ्या बाजाराने ऐकला.

"चला चमचेसाहेब," सुनील म्हणाला, "चहा पाजतो."

माईक अजून चालूच होता. सगळा बाजार हसला, आणि सगळ्यांत मोठ्याने मोतीराम.