किरकोळ सुधारणा

कोर्टाच्या टंकलेखन विभागात त्यांना सगळे टकटकताई म्हणत. एक तर कीबोर्डवर त्यांची बोटं टकटक चालत, आणि दुसरं म्हणजे टाइप करताना त्या समोर टक लावून बघत. बोटांकडे चुकूनही नजर जात नसे. बाकीचे तिघे दोन बोटांनी अक्षरं शोधत बसायचे. ताई मात्र अठ्ठावीस वर्षं साक्षीदारांचे जबाब ते बोलतील त्या वेगाने उतरवून घेत होत्या. त्या टोपणनावाचा मी जरा विचार केला असता तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण मी पडलो दीडशहाणा.

विभागात टायपिंगसाठी जो प्रोग्राम होता तो मी लिहिलेला. कंपनी मेहुण्याची आणि तिथला एकुलता एक प्रोग्रामर मी. प्रोग्राम बसवून महिना होतो न होतो तोच ताईंची तक्रार आली, की स्क्रीन लुकलुकते, अक्षरं विझतात आणि परत लागतात. मी गेलो, त्यांच्या खुर्चीवर बसलो आणि कोऱ्या पानावर दोन ओळी बडवल्या. बटणांकडे बघत, अर्थात. मान वर केली तर सगळं जागच्या जागी. बाकीच्या तिघांना विचारलं, त्यांनाही काही दिसलं नव्हतं. पाच मिनिटांत शेरा लिहून मी मोकळा झालो: 'प्रोग्राममध्ये दोष नाही. वापरणाऱ्याची दृष्टी तपासून घ्यावी.'

विभागाचे साहेब तो वाचून म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं." त्यावर मी हसलो. ताई तिथेच उभ्या होत्या. ते हसू आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

ताईंच्या आईचे डोळे बावन्नाव्या वर्षी गेले होते आणि ताईंना एक्कावन्नावं चालू होतं, हे मला कुठे ठाऊक होतं! माझा शेरा आला त्या आठवड्यापासून ताई घरात डोळे मिटून वावरायला शिकू लागल्या. मिठाच्या बरणीला एक दोरा बांधला, साखरेच्या बरणीला दोन. खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत किती पावलं, दारापर्यंत किती, हे पाठ करत राहिल्या. घरात त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघंच. हे सगळं त्या भावाने मला फार उशिरा सांगितलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोनदा तपासलं आणि डोळे उत्तम आहेत असं लिहून दिलं. मग साहेबांनी अक्कल चालवली: यंत्र ठीक, डोळे ठीक, म्हणजे बिघाड डोक्यात. ताईंना दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं गेलं आणि मन शांत राहण्याच्या गोळ्या सुरू झाल्या. मन शांत झालं की नाही देव जाणे, पण बोटं थरथरायला लागली. ती सावरण्याच्या नादात एकदा एका साक्षीदाराचं 'मी तिथे नव्हतो' हे 'मी तिथे होतो' असं उतरलं. जबाब वाचून दाखवताना तो माणूस ओरडला म्हणून निभावलं. अठ्ठावीस वर्षांत पहिली चूक. साहेबांनी ताईंना कामाला अपात्र ठरवून घरी पाठवायचा कागद वर धाडला आणि त्याला माझा शेरा जोडला.

त्याच आठवड्यात मी प्रिंटर बघायला गेलो होतो. ताई एका चाळीस पानी जबाबाची शेवटची पानं टाइप करत होत्या आणि मी त्यांच्या मागे उभा राहून वायर ओढत होतो. सहज स्क्रीनकडे लक्ष गेलं आणि वायर हातातच राहिली. दर अक्षराला पान क्षणभर पांढरं होत होतं. माझा प्रोग्राम प्रत्येक अक्षरामागे अख्खी स्क्रीन पुसायचा आणि पहिल्या पानापासून सगळं नव्याने मांडायचा. दोन ओळींचं पान असलं तर ते कळतसुद्धा नाही. चाळीस पानं असली की मधला कोरा क्षण दिसतो, पण टाइप करताना समोर बघणाऱ्यालाच. बाकीच्यांनी मान वर करेपर्यंत पान परत आलेलं असे. अंगणच वाकडं होतं, आणि ते आखणारा मी होतो.

दुरुस्ती अडीच दिवसांची निघाली. आधी पुसायचंच नाही. बदललेली ओळ मेमरीत, आडोशाला, पूर्ण तयार करायची आणि मग एकदम समोर ठेवायची. मी ताईंना कच्च्या आवृत्तीत तोच जबाब उघडून दिला. त्यांनी चार ओळी टाइप केल्या.

"लुकलुकत नाही," त्या म्हणाल्या, आणि थरथरणारा उजवा हात डाव्या हातात धरून बसल्या.

चूक माझी होती, हे मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "मग तसं लिहून द्या," एवढंच म्हणाल्या. "लुकलुकत होतं, इतकंच लिहा. कागद अजून वरच आहे."

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो होतो. पण मेहुण्याने मला समोर बसवलं. कोर्टाचं कंत्राट पुढच्या आठवड्यात नव्याने व्हायचं होतं. दुरुस्त झालंय ना, मग उकरून कशाला काढतोस, निदान तुझ्या बहिणीच्या संसाराचा तरी विचार कर, म्हणाला. नवी आवृत्ती पहिल्यांदा उघडली की काय बदललं ते सांगणारी एक चौकट येते. तिच्यात काय लिहायचं तेही त्यानेच सांगितलं, आणि मी लिहिलं.

सोमवारी ताईंच्या स्क्रीनवर ती चौकट उघडली तेव्हा मी शेजारीच होतो. साक्षीदाराला जबाब वाचून दाखवतात त्या आवाजात त्यांनी वाचलं, "किरकोळ सुधारणा."

चौकट बंद करून त्यांनी कोरं पान घेतलं. प्रत्येक जबाबाच्या शेवटी असतं ते वाक्य त्या टाइप करू लागल्या. एरवी दोन सेकंदांचं काम. अक्षरं चुकत होती, खोडत होत्या, पुन्हा टाइप करत होत्या. स्क्रीन जराही लुकलुकली नाही. कागद छापून त्यांनी माझ्यापुढे ठेवला: 'वरील मजकूर मी वाचला. तो बरोबर नाही.' खाली सहीसाठी जागा सोडली होती.

"माझा एक शब्द चुकला तर मला घरी पाठवतायत," ताई म्हणाल्या. "तुमचे दोन चुकलेत. सही करा."

मी म्हणालो, पेन नाहीये. पेन शर्टाच्या खिशाला अडकवलेलं होतं, आणि ताईंचे डोळे उत्तम होते.